'तू सांगितलं असतंस तर...' हे इंग्रजीत नेमकं कसं म्हणायचं?

अनघा_सातारा

'पाऊस पडला असता तर पीक चांगलं आलं असतं.' संकेतार्थी वाक्याचं उदाहरण म्हणून हे किंवा असंच एखादं वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत लिहिलेलं आहे. हेच इंग्रजीत सांगायची वेळ आली की भलीभली माणसं एका ठरावीक जागी अडतात. माझ्या वर्गाला ऑफिस सुटल्यावर येणारी मंडळी असतात. रोज इंग्रजीत मेल लिहिणारी, मीटिंगमध्ये बोलणारी, पण शाळा मराठी माध्यमाची. त्यांच्याकडून वाक्य येतं ते असं:

'इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव बीन गुड.'

आणि हवं असतं ते असं:

'इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड हॅव बीन गुड.'

अटीच्या भागात 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप, परिणामाच्या भागात 'वुड हॅव' आणि तिसरं रूप. हा नियम बहुतेकांना येतो. विचारला तर धडाधड म्हणून दाखवतात. तरीही बोलण्याच्या ओघात 'वुड' दोन्हीकडे घुसतोच, कारण नियम पाठ असला तरी जीभ मराठीच्या वळणाने जाते.

मराठी वाक्य पुन्हा बघा. 'पडला असता' आणि 'आलं असतं'. 'जर'च्या बाजूला जी ठेवण, तीच 'तर'च्या बाजूला. आपल्या कानाला हा तोल सवयीचा आहे, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे सारखंच काहीतरी ठेवावंसं वाटतं. इंग्रजीत या दोन भागांची कामं वेगळी धरली जातात. अटीचा भाग फक्त काळ एक पायरी मागे नेतो. 'असं झालं असतं' हा अंदाजाचा सूर परिणामाच्या भागातच येतो, आणि 'वुड' हा त्या अंदाजाचा शब्द आहे.

पण खरी मेख माझ्या मते याच्याही पुढे आहे. मराठीतलं 'असतं' कधीची गोष्ट ते आपल्याला विचारत नाही. हे वाक्य घ्या:

'माझ्याकडे पैसे असते तर मी ही गाडी घेतली असती.'

आज शोरूममध्ये गाडीच्या बोनेटवर हात फिरवत कुणी हे म्हणेल. मागच्या दिवाळीत विकल्या गेलेल्या गाडीबद्दलही कुणी हेच म्हणेल. मराठीत एकच वाक्य दोन्हीकडे चालतं, बाकीचं संदर्भावरून कळतं. इंग्रजीत तसं भागत नाही. आजची गोष्ट असेल तर 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय धिस कार'. मागच्या दिवाळीची असेल तर 'इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट दॅट कार'. पहिल्या वाक्यात मोकळा 'हॅड' आहे, दुसऱ्यात 'हॅड हॅड'. दोनदा 'हॅड' बघून पुष्कळ जण बिचकतात आणि एक खोडतात. खोडू नका. पहिला 'हॅड' काळ मागे नेणारा आणि दुसरा 'जवळ असणे' या अर्थाचं क्रियापद. बोलताना पहिल्यावर जोर देत नाहीत, दुसऱ्यावर देतात.

याच्याही पुढचं उदाहरण: 'उद्या रविवार असता तर मी आलो असतो.' उद्याची गोष्ट, आणि आपण म्हणतो 'आलो असतो'! हे शब्दशः उचललं तर 'वुड हॅव कम' तोंडात येतं. साधं इंग्रजी मात्र 'इफ टुमॉरो वेअर संडे, आय वुड कम' असं आहे.

म्हणून वर्गात मी नियमाच्या आधी एक प्रश्न विचारायला लावते. ही अट कधीची? आणि मग वेगळा प्रश्न, परिणाम कधीचा? दोन्ही भागांना स्वतंत्रपणे विचारायचं. उत्तरं मिळाली की रूपं आपोआप जागेवर बसतात.

तुमची कुठे अडचण होते ते लिहा. खऱ्या मेलमधली, खऱ्या बोलण्यातली वाक्यं आली तर उत्तम.

पेठेतला

अनघाताई, फार उपयोगी धागा. मी खरेदी विभागात आहे. दिवसातून दहा वेळा तरी या वाक्याशी गाठ पडते. आमच्याकडून पुरवठादाराला गेलेलं एक वाक्य जसंच्या तसं देतो:

'इफ यू वुड हॅव इन्फॉर्म्ड अस अर्लियर, वी वुड हॅव अरेंज्ड द ट्रक.'

तुमच्या नियमाने पहिला 'वुड' चूक, हे पटलं. पण आमचे साहेब 'इफ यू वुड काइन्डली कन्फर्म द डेट' असं लिहितात. ते इंग्रजी चांगलं जाणतात. मग 'इफ'च्या मागे 'वुड' कधीच येत नाही, असं म्हणता येईल का?

अनघा_सातारा

साहेबांचं वाक्य बरोबर आहे. तिथला 'वुड' विनंतीचा आहे, 'आपण कृपा करून तारीख कळवाल तर' असा. समोरच्याची तयारी, मर्जी विचारायची असते तेव्हा 'इफ'च्या मागे 'वुड' येऊ शकतो. तुमच्या वाक्यात मर्जीचा प्रश्न नाही. तुम्ही कळवलं नाहीत, ती वेळ गेली, एवढंच सांगायचं आहे. तिथे 'हॅड'.

'इफ यू हॅड इन्फॉर्म्ड अस अर्लियर, वी वुड हॅव अरेंज्ड द ट्रक.'

पत्रव्यवहारात याचं आणखी एक रूप चालतं. 'इफ' काढायचं आणि 'हॅड' सुरुवातीला आणायचं: 'हॅड यू इन्फॉर्म्ड अस अर्लियर, वी वुड हॅव अरेंज्ड द ट्रक.' अर्थ तोच, सूर जास्त औपचारिक. मेलमध्ये शोभतं, चहाच्या टपरीवर जड वाटेल. नकार असेल तर 'हॅड यू नॉट इन्फॉर्म्ड अस' असं सुटं लिहायचं, 'हॅडन्ट यू' असं जोडून सुरुवात करायची नाही. तसं केलं तर तो प्रश्न होतो.

आणि व्याकरणाबाहेरचं एक सांगते, कारण ते तुमच्या कामाचं आहे. 'तुम्ही आधी कळवलं असतंत तर' यात समोरच्यावर बोट आहे. संबंध टिकवायचे असतील तर कर्ता बदला: 'इफ वी हॅड नोन अर्लियर, वी कुड हॅव अरेंज्ड द ट्रक.' आम्हाला आधी कळलं असतं तर सोय करता आली असती. माहिती तीच पोचते आणि दोष कुणाच्याच पदरात पडत नाही.

पेठेतला

हे शेवटचं फारच मोलाचं. उद्यापासून हेच वापरणार.

मेधा_न्यूजर्सी

थोडी वेगळी बाजू मांडते. इथे ऑफिसात, शाळेच्या पालकसभेत, दुकानात 'इफ आय वुड हॅव नोन' सर्रास ऐकू येतं, आणि बोलणारे जन्मापासून इंग्रजीच बोलणारे असतात. शिकलेले असतात. मग आपल्या माणसांनी म्हटलं की ती चूक आणि त्यांनी म्हटलं की बोली, असं कसं? मुलगी इथल्या शाळेत आहे, तिच्याही तोंडात तेच बसलंय.

कृष्णाकाठ

मेधाताई, प्रश्न रास्त आहे. मी हायस्कूलला इंग्रजी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

अमेरिकेत बोलताना हे रूप खूप चालतं, हे खरं. पण छापील मजकूर, परीक्षा, अर्ज, शोधनिबंध इथे तिकडेही 'इफ आय हॅड नोन' हेच प्रमाण मानतात. तुमच्या मुलीच्या निबंधात शिक्षिका ते बदलून मागण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे बोलताना कुणी म्हटलं तर कान टवकारायचं कारण नाही, लिहिताना मात्र सांभाळायचं. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा इंग्रजी लिहून दाखवावं लागतं, मुलाखतीत तपासून घ्यावं लागतं. त्याला प्रमाण रूप पक्कं देणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे असं मी मानतो.

हे रूप बोलण्यात इतकं का पसरलं, याचं एक कारण कानाशी जोडलेलं असावं. 'आय हॅड' आणि 'आय वुड' ही दोन्ही भरभर बोलताना 'आय्ड' अशीच ऐकू येतात. 'इफ आय्ड नोन, आय्ड हॅव टोल्ड यू.' यातला पहिला 'आय्ड' म्हणजे 'आय हॅड', दुसरा म्हणजे 'आय वुड'. ऐकणाऱ्याला दोन्हीकडे एकच आवाज येतो. ओळखायची खूण पुढच्या शब्दात आहे. पुढे थेट तिसरं रूप आलं, 'नोन', 'सीन', 'टोल्ड', तर तो 'हॅड'. पुढे 'हॅव' किंवा मूळ रूप आलं तर तो 'वुड'.

तसाच 'वुड हॅव' हा बोलण्यात 'वुडव' होतो. त्यातला 'हॅव' इतका दबतो की इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंही तिथे 'ऑफ' लिहितात. 'वुड ऑफ', 'कुड ऑफ'. हे मात्र कुठल्याच प्रमाण लेखनात बसत नाही. नेटवर वाचून आपली मुलंही ते उचलतात, लक्ष ठेवा.

मेधा_न्यूजर्सी

सर, 'वुड ऑफ' तर मी रोज बघते! पुढच्या शब्दाची खूण मुलीला दाखवली. तिला लगेच कळली.

रानपाखरू

वाचनखूण साठवली आहे. चालू राहू द्या.

निमिष_स्टुटगार्ट

इकडून एक भर. पुण्यात जर्मन शिकत होतो तेव्हा हा भाग मला अजिबात जड गेला नाही, इंग्रजीत मात्र कायम गोंधळ व्हायचा. आता अनघाताईंचं वाचून कारण लक्षात आलं. जर्मन या बाबतीत मराठीसारखी आहे. 'वेन इश एस गेवुस्ट हेटे, वेरे इश गेकोमेन', म्हणजे 'मला माहीत असतं तर मी आलो असतो'. 'हेटे' आणि 'वेरे' ही दोन्ही एकाच ठेवणीची रूपं, दोन्ही बाजूंना सारखा तोल. हिंदीतही 'तुम आते तो मैं जाता', दोन्हीकडे तेच. आपण ज्या भाषांमध्ये वाढतो त्यांत हा तोल असल्यावर इंग्रजीच्या दोन वेगळ्या भागांची सवय वेगळी लावून घ्यावी लागणारच.

गंमत म्हणजे इकडेही मुलांना शाळेत 'वेन'च्या वाक्यात 'व्युर्डं' वापरू नका असं बजावतात. 'व्युर्डं' हा त्यांचा 'वुड'. म्हणजे अटीच्या भागात 'वुड' घुसवण्याचा मोह एकट्या मराठी माणसाला होतो असं नाही.

स्पर्धार्थी_लातूर

मी राज्यसेवेची तयारी करतोय. क्लासच्या नोट्समध्ये एक सूत्र आहे: भूतकाळ आणि 'इफ' एकत्र आले की 'हॅड' अधिक तिसरं रूप. एवढं पुरेल ना? सराव प्रश्नांमध्ये कधी कधी साधा भूतकाळ बरोबर उत्तर म्हणून दिलेला असतो. मग छपाईची चूक समजायची का?

अनघा_सातारा

छपाईची चूक असेलच असं नाही. तुमचं सूत्र अर्धंच आहे, आणि उरलेला अर्धा भाग मराठीच तुम्हाला उत्तम शिकवते. ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा:

'तो काल आला असेल तर चावी शेजारी ठेवली असेल.'
'तो काल आला असता तर चावी शेजारी ठेवली असती.'

पहिल्यात तो आला की नाही ते आपल्याला ठाऊक नाही. आलेला असू शकतो. दुसऱ्यात तो आला नाही हे पक्कं. मराठीत हा फरक 'असेल' आणि 'असता' यांच्यावर आहे, आणि तो चुकवणारा मराठी माणूस मला भेटलेला नाही. इंग्रजीत तोच फरक असा पडतो:

'इफ ही केम यस्टरडे, ही विल हॅव लेफ्ट द की नेक्स्ट डोअर.'
'इफ ही हॅड कम यस्टरडे, ही वुड हॅव लेफ्ट द की नेक्स्ट डोअर.'

दोन्ही भूतकाळच. पण पहिली अट उघडी आहे, दुसरी मिटलेली. उघड्या अटीला साधा भूतकाळ पुरतो, मिटलेल्या अटीला 'हॅड' लागतो. परीक्षेत वाक्य आलं की आधी मनात मराठीत करून बघा. 'असेल' निघालं तर साधा भूतकाळ, 'असता' निघालं तर पुढे 'कधीची गोष्ट' हा प्रश्न.

तिसराही एक प्रकार आहे, जुन्या सवयींचा. 'पाऊस जोराचा असला की शाळा लवकर सुटायची.' 'इफ इट रेन्ड हार्ड, द स्कूल वुड क्लोज अर्ली.' इथे ना 'हॅड', ना मिटलेली अट. हा 'वुड' म्हणजे आपला 'सुटायची'मधला 'यची'. सराव प्रश्नांत साधा भूतकाळ बरोबर दिला असेल तर या दोनांपैकी एक प्रकार आहे का ते तपासा.

स्पर्धार्थी_लातूर

'असेल' आणि 'असता' ही खूण कुणीच सांगितली नव्हती. खूप आभार.

अटकेपार

मला हा सगळा मार्गच पटत नाही. मराठीतून इंग्रजीत उड्या मारत बसलात तर कधीच अस्खलित बोलता येणार नाही. इंग्रजीत विचार करायला शिका, भरपूर ऐका, रूपं आपोआप येतील. मी तसाच शिकलो.

कृष्णाकाठ

अटकेपारराव, भरपूर ऐकावं, वाचावं याबद्दल दुमत नाही. पण ऐकायला कुठे मिळतं याचा विचार करा. ज्याच्या घरी, गावात, कॉलेजात इंग्रजी कानावर पडत नाही त्याला 'इंग्रजीत विचार कर' हा सल्ला देऊन आपण मोकळे होतो आणि तो तिथेच राहतो. त्याच्याजवळ पक्की मराठी आहे. 'असेल' आणि 'असता' यांतला फरक तो चौथीपासून न चुकता वापरतोय. ती जमेची बाजू वापरायची नाही तर काय? पुढे सवय झाली की ती आधाराची काठी आपोआप सुटते.

आता वर्गात मी हे कसं घ्यायचो ते सांगतो. इतिहास आणि इंग्रजी दोन्ही माझ्याकडे असल्याने सोय होती. पानिपत घ्यायचो. १४ जानेवारी १७६१. विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठ्यांची फळी फुटली. फळ्यावर लिहायचो, 'विश्वासरावांना गोळी लागली नसती तर'. मुलं पुढचं वाक्य आपणहून ओरडून सांगायची. 'आपण जिंकलो असतो!' मग इंग्रजी:

'इफ विश्वासराव हॅड नॉट बीन शॉट, द मराठाज वुड हॅव वन.'

'हॅड नॉट बीन शॉट' हे कर्मणी रूप इथेच शिकवून व्हायचं. गोळी लागली, मारली कुणी ते महत्त्वाचं नाही. तिसऱ्या रूपाच्या आधी 'बीन' आलं पाहिजे, ते मुलं विसरतात.

त्यानंतर विचारायचो, जिंकलोच असतो हे नक्की का? सैन्य उपाशी होतं, रसद तुटलेली होती. एखादा विद्यार्थी मान हलवायचा, 'कदाचित जिंकलो असतो'. मग 'वुड' खोडून 'माइट'. 'द मराठाज माइट हॅव वन.' तिसरा म्हणायचा, 'जिंकू शकलो असतो.' मग 'कुड'. 'वुड हॅव' म्हटलं की तुम्ही छातीठोकपणे दावा केलात, त्याचा पुरावा द्यावा लागेल. 'माइट हॅव' म्हटलं की शक्यता ठेवली. 'कुड हॅव' म्हटलं की कुवत होती असं म्हणालात. माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला क्षयाने गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. 'इफ माधवराव हॅड लिव्ड लाँगर' याच्या पुढे कुठला शब्द लिहायचा, यावर माझ्या वर्गात तास-तास भांडणं झालेली आहेत. ती भांडणं इतिहासाचीही होती आणि व्याकरणाचीही, आणि दोन्ही विषय त्यात पक्के झाले.

लोकलकर

सर, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं! (याचं इंग्रजी: 'आय वुड हॅव लव्ह्ड टु सिट इन युअर क्लास.' बरोबर ना?)

माझं उदाहरण क्रिकेटचं. १० जुलै २०१९, मँचेस्टर, न्यूझीलंडविरुद्ध सेमीफायनल. गप्टिलची थेट फेक, धोनी ५० वर धावबाद, आपण १८ धावांनी हरलो. 'इफ गप्टिल हॅड मिस्ड, इंडिया माइट हॅव वन.' इथपर्यंत समजलं. पण समालोचक, माजी खेळाडू असं बोलतच नाहीत. त्यांच्या तोंडी 'इफ ही मिसेस, वी विन' अशा धाटणीची वाक्यं असतात, तीही सामना संपल्यावर. वर्तमानकाळ! हे काय आहे?

अनघा_सातारा

तुमचं पहिलं वाक्य अगदी बरोबर.

समालोचकांचं निरीक्षणही बरोबर आहे. खेळाच्या बोलण्यात ही लकब खूप आहे. होऊन गेलेला क्षण डोळ्यांपुढे पुन्हा उभा करायचा आणि तिथे उभं राहून बोलायचं. आपणही करतोच की: 'तो कॅच घेतो ना, तर मॅच तिथेच संपते!' कॅच सुटून आठवडा झालेला असतो. बोलण्यात, गोष्ट रंगवून सांगताना हे शोभतं. सामन्याचा वृत्तांत लिहायचा असेल तर 'हॅड' आणि 'माइट हॅव'कडेच यायचं.

आणि सरांनी 'माइट हॅव'बद्दल लिहिलंय त्याला जोडून: वर्तमानपत्रांत हल्ली तिथे 'मे हॅव' दिसतं, आणि त्याने अर्थाचा घोटाळा होतो. 'इफ द ॲम्ब्युलन्स हॅड कम इन टाइम, ही मे हॅव सर्व्हाइव्ह्ड.' हे वाचून माणूस गेला की आहे, तेच नीट कळत नाही. 'मे हॅव' म्हणजे 'वाचला असेल', 'माइट हॅव' म्हणजे 'वाचला असता'. बातमीत माणूस गेलेला आहे, तेव्हा 'माइट हॅव'. कुणाच्या तरी घरच्या माणसाबद्दलची ती बातमी असते. एवढी काळजी तरी घ्यायला हवी.

दोन_पिल्लांची_आई

माझा मुलगा दहावीला आहे. 'यूज अनलेस' असा प्रश्न असतो. साधी वाक्यं जमतात: 'इफ यू डू नॉट हरी, यू विल मिस द ट्रेन' याचं 'अनलेस यू हरी, यू विल मिस द ट्रेन'. काल त्याने स्वतःच एक वाक्य करून बघितलं. 'शेजाऱ्यांनी मदत केली नसती तर आम्ही अडचणीत आलो असतो.' त्याने लिहिलं, 'अनलेस द नेबर्स हॅड हेल्प्ड अस, वी वुड हॅव बीन इन ट्रबल.' मला वाचताना खटकलं, पण कारण सांगता येईना.

कृष्णाकाठ

ताई, तुमचा कान बरोबर आहे. 'अनलेस' म्हणजे 'ही एक गोष्ट वगळता'. ती गोष्ट अजून व्हायची किंवा न व्हायची असते. घाई करशील की नाही ते अजून ठरायचं आहे, म्हणून तिथे 'अनलेस' बसतं. शेजाऱ्यांनी मदत केलेलीच आहे. झालेल्या गोष्टीला 'वगळता' म्हणता येत नाही, म्हणून 'इफ... हॅड नॉट' हेच ठेवायचं. थोडक्यात म्हणायचं असेल तर 'बट फॉर' वापरा: 'बट फॉर द नेबर्स, वी वुड हॅव बीन इन ट्रबल.' शेजारी नसते तर आमचं कठीण होतं.

'अनलेस'च्या मागे 'हॅड' कधीच येत नाही, असं मात्र त्याला सांगू नका. मुख्य भाग नकारार्थी असला की येतं: 'ही वुड नॉट हॅव कम अनलेस यू हॅड इन्व्हायटेड हिम.' तू बोलावल्याशिवाय तो आलाच नसता. आपला 'शिवाय' जिथे सहज बसतो तिथे 'अनलेस'ही बसतं, ही खूण त्याला द्या.

आणि स्वतःहून वाक्य करून बघतोय हे फार चांगलं लक्षण आहे. त्याला शाबासकी सांगा.

पेठेतला

एक निरीक्षण मांडू का? आमच्या ऑफिसात 'हॅड' जिथे नको तिथे भरपूर असतो. 'आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे', 'आय हॅड सेंट द मेल ऑन मंडे'. आणि जिथे हवा, त्या 'इफ'च्या भागात नसतो. असं उलटं का होतं?

अनघा_सातारा

नेमकं पकडलंत. आपण म्हणतो 'मी काल पुण्याला गेलो होतो', 'सोमवारी मेल पाठवला होता'. हा 'होतो', 'होता' म्हणजे 'हॅड' असं समीकरण शाळेतच डोक्यात बसतं. इंग्रजीत दिवस, वेळ सांगितली की साधा भूतकाळ पुरतो: 'आय वेन्ट टु पुणे यस्टरडे.' 'हॅड' लागतो तो दोन घटनांपैकी आधीची दाखवायला: 'व्हेन यू कॉल्ड, आय हॅड ऑलरेडी लेफ्ट.' आणि मिटलेल्या अटीच्या मराठी वाक्यात 'होता' कुठे नसतोच, 'असता' असतो. म्हणून तिथे 'हॅड' आठवत नाही. डोक्यातलं समीकरण थोडं बदला. 'होता' दिसला की थांबून बघा, 'हॅड'ची खरंच गरज आहे का. 'जर'च्या बाजूला 'केला असता', 'आला असता' असं गेलेल्या वेळेबद्दल दिसलं की 'हॅड' आणा.

स्पर्धार्थी_लातूर

रात्री बसून पाच वाक्यं केली. कुणीतरी तपासा, प्लीज.

'इफ आय हॅड स्टडीड सायन्स, आय वुड हॅव बीन अ डॉक्टर टुडे.'
'हॅड द बस कम ऑन टाइम, वी वुड हॅव रीच्ड.'
'इफ आय वॉज इन युअर प्लेस, आय वुड हॅव ॲक्सेप्टेड द जॉब.'
'इफ द रोड हॅड रिपेअर्ड, द ॲक्सिडेंट वुड नॉट हॅव हॅपन्ड.'
'इफ ही टुक द मॉर्निंग ट्रेन, ही विल हॅव रीच्ड बाय नाऊ.'

अनघा_सातारा

दुसरं आणि पाचवं निर्दोष. पाचव्यात उघडी अट नेमकी ओळखलीत, ते सगळ्यात अवघड होतं.

चौथ्यात 'बीन' राहिलं: 'हॅड बीन रिपेअर्ड'. रस्ता स्वतः दुरुस्ती करत नाही, त्याची केली जाते. सरांचं 'हॅड नॉट बीन शॉट' आठवा.

पहिल्यात दोन वेगळ्या वेळा आहेत. शिकायची वेळ गेली, पण डॉक्टर असणं आजचं आहे, तुम्हीच 'टुडे' लिहिलंय. तेव्हा 'इफ आय हॅड स्टडीड सायन्स, आय वुड बी अ डॉक्टर टुडे.' मराठीतही 'आज डॉक्टर असतो' आणि 'तेव्हाच डॉक्टर झालो असतो' वेगळं आहे बघा. पहिल्याला 'वुड बी', दुसऱ्याला 'वुड हॅव बिकम'.

तिसरं उलट्या बाजूने बघायचं. 'मी तुझ्या जागी' ही अट कुठल्या एका दिवसाची नाही, म्हणून तिथे 'हॅड बीन' न लावता 'वेअर' चालतं. नोकरीची ऑफर मागच्या महिन्यात येऊन गेली असेल तर 'वुड हॅव ॲक्सेप्टेड' बरोबर. ऑफर अजून हातात असेल तर 'वुड ॲक्सेप्ट'. 'वॉज' बोलण्यात चालतं, पण तुमची परीक्षा आहे, तिथे 'वेअर' लिहा.

आता याच पाच वाक्यांचे नकार करून टाका. 'आय विश' आणि 'इफ ओन्ली'चे प्रश्नही काहींनी व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) विचारलेत, त्यांच्यासाठी येत्या आठवड्यात वेगळा धागा काढते.